दोन मिलिमीटरच्या आत

तिने टेपचं टोक चाकाच्या मध्यावर दाबलं, पट्टी वर मडगार्डच्या कडेपर्यंत ओढली आणि श्वास रोखून आकडा वाचला. तीनशे पंचेचाळीस. तिने टेप सोडली, बोटं ओव्हरऑलला पुसली आणि पुन्हा लावली, जणू मधल्या चार सेकंदांत गाडीला सुबुद्धी सुचणार होती. तीनशे पंचेचाळीस.

“किती?” बाबांनी आतून विचारलं.

ते चालकाच्या सीटवर ताठ बसले होते. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. माप चालू असताना सीटवरच्या माणसाने हलायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला होता आणि फोटो काढायला बसल्यासारखे ते तो पाळत.

“मागचं पाच वर,” ती म्हणाली. “तुमच्या बाजूचं. पुढचं दीड. पलीकडची दोन्ही जागेवर आहेत.”

बाबांनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला, दाराच्या चौकटीला धरून उठले आणि अंगावरचा स्वेटर खाली ओढला.

“नाही बसली,” ते म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

टेप भिंतीवर भिरकावून द्यावी असं तिला मनापासून वाटलं. पण टेप बाबांची होती, चांगल्या पोलादाची, आणि तशी आता मिळत नाही. तिने ती नीट खिशात ठेवली आणि चाकाला लाथ मारली. चाकाला काही झालं नाही, अंगठा मात्र ठणकला.

हा तिसरा संच होता. चार महिन्यांत स्प्रिंगांचे तीन संच बसवून झाले होते आणि दर वेळी एकच निकाल, उलट दर वेळी थोडा वाईट. पहिल्यांदा तीन मिलिमीटर वर, दुसऱ्यांदा चार, आज पाच. काम शिकत जाईल तसं हुकत जाणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायचं तर आरशात पाहायला हवं होतं.

धंद्यात बाबांना मिलिमीटर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांच्या गॅरेजमध्ये इंजिनाला कोणी हात लावत नसे. जुन्या गाड्या जमिनीपासून किती उंच बसाव्यात, त्यासाठी कुठल्या स्प्रिंगा निवडाव्यात आणि चारही कोपरे सारखे कसे आणावेत, एवढंच तिथे बघितलं जाई, आणि त्यासाठी लोक दोन दोन गावं सोडून येत. शाळा सुटल्यावर ती कोपऱ्यात नट निवडत बसायची, तेव्हापासून तिचं नाव अर्धा मिलिमीटर पडलं होतं. आज ती एक्केचाळीस वर्षांची होती. कानाजवळचे केस पिकले होते. तरी सुट्या भागांचा दुकानदार फोनवर अजून तेच विचारायचा, अर्धा मिलिमीटर का?

आणि बाकीचे तेही विचारत नसत. ते म्हणत, बाबांना फोन द्या.

त्यात ही गाडी. दोन माणसांची, लांब नाकाची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. बाबांनी ती भंगारातून आणली होती आणि सवड मिळेल तसं अठरा वर्षं तिच्यावर काम केलं होतं. कारखान्यातून निघाली तेव्हाच ती दोन बोटं जास्त उंच होती, कुठल्याशा कायद्यापायी. विजार वर धरून डबकं ओलांडणाऱ्या माणसासारखी दिसते, असं बाबा म्हणत. ती खाली बसवायची हे ठरलेलं होतं, पण गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून स्वतःच्या गाडीला वेळ मिळतो कुठे. मग चार महिन्यांपूर्वी एका दुपारी जेवताना, आईच्या देखत, बाबा म्हणाले की ही तू बसव. चारही कोपरे दोन मिलिमीटरच्या आत आण. मी सीटवर बसून बघेन. ज्या दिवशी बसली त्या दिवशी गॅरेज तुझं, दारावर नाव तुझं, मी घरी बसून पेपर वाचेन.

आईने भाजी वाढता वाढता दोघांकडे पाहिलं होतं. तिचा दादा परगावी टेबलावर बसून नोकरी करायचा, तो रात्री फोनवर हसला होता आणि म्हणाला होता, बाबा आणि पेपर वाचणार? पण तिला हसू आलं नव्हतं. वीस वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती ते वाक्य भाजीच्या वाटीजवळ येऊन पडलं होतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आनंदाने, आणि हे तिने कोणाला सांगितलं नाही.

पहिला संच तिने खोक्यातला आणला. परदेशी, निळ्या रंगाचा, खोक्यावर धावत्या गाडीचं चित्र. गाडी चाळीस मिलिमीटर खाली येईल असं लिहिलं होतं, ती साठ आली, आणि पहिल्याच गतिरोधकाला सायलेन्सरने रस्ता खरवडला. मग तिने त्याच लोकांकडून एक पायरी वरचा मागवला आणि तो बसवला. बाबांनी दोन्ही मिळून एकच संच मानला, तेवढी माया केली. दुसरा तिने गणित करून निवडला, गाडीचं वजन चारही चाकांखाली वेगवेगळं मोजून. तिसऱ्यासाठी ती सरळ स्प्रिंगवाल्याकडे गेली. हा बाबांच्या वयाचा माणूस, कारखाने त्याच्याकडून यंत्रांच्या स्प्रिंगा वळवून घेत. त्याने तिच्या आकड्यांप्रमाणे चार स्प्रिंगा वळवून दिल्या आणि प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधली, कुठल्या कोपऱ्याची ते लिहून.

गॅरेजची एक पद्धत होती. स्प्रिंग बसवली म्हणजे काम झालं असं नाही. स्प्रिंगच्या आजूबाजूला जे दांडे असतात त्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, आणि ते गाडी चाकांवर उभी असताना, तिच्यात चालवणाऱ्याचं वजन असतानाच आवळायचे. हवेत लटकलेल्या गाडीचे बुश आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी हट्टी पोरासारखी वर वर राहते. पण मालक काही तासन्‌तास सीटवर बसून राहत नाही. म्हणून मालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर रचायच्या आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरून बुश आवळायचे. आईने जुन्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या होत्या, प्रत्येक पाच किलोची. बाबांच्या सोळा. ऐंशी किलो. गॅरेजच्या दारावरचा आकडा जसा बदलत नाही तसे बाबांचे ऐंशी किलो. मग गाडी दोनेकशे किलोमीटर फिरवायची, स्प्रिंगा जागेवर बसू द्यायच्या आणि शेवटी मालकाला सीटवर बसवून पक्कं माप घ्यायचं.

पिशव्या ठेवून तिन्ही वेळा गाडी सरळ बसली होती, कागदावर ठेवलेल्या पट्टीसारखी. बाबा बसले की वर.

तिने विचारलं होतं, विचारलं नाही असं नाही. पिशव्यांवर बरोबर आणि माणसावर चूक, हे कसं काय? बाबा म्हणाले, “पिशवी पडून राहते. माणूस बसतो.” माणूस मागे रेलतो, पाय पुढे रोवतो, वजन इकडचं तिकडे होतं, पिशव्या हे कच्चं माप, माणूस हे पक्कं. खरं होतं. एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक तिने इतर गाड्यांतही पाहिला होता. मग एकदा तिने सुचवलं की पलीकडच्या स्प्रिंगखाली पातळ चकती घालू, समान होईल. त्यावर बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती देवळात चपला घालून आली होती. स्प्रिंग निवडायची असते, ते म्हणाले, तिची समजूत घालायची नसते. कडक झालीय, बदल.

म्हणून तिने बदलली. पुन्हा बदलली. बोटांची सालं निघाली, स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा एकदा निसटून कानाजवळून गेला, सतरा नंबरचा पाना हरवला आणि नवा घेतल्यावर सापडला.

आता ती खड्ड्याच्या काठावर बसून ठणकणारा अंगठा चोळत होती तेवढ्यात दारात एक टकले गृहस्थ आले. चकचकीत नवी गाडी बाहेर उभी. त्यांना ती खाली करून हवी होती, स्प्रिंगचे दीड वेढे ग्राइंडरने कापून. मेहुण्याने तसं केलंय म्हणे. स्प्रिंग कापणारे आणि पुस्तकाची पानं फाडणारे एकाच माळेचे मणी, असं बाबांचं मत होतं आणि तिचंही. तिने शक्य तितक्या सभ्य शब्दांत समजावलं की कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, रस्त्यावरच्या खड्ड्यात जागेवरून निसटू शकते, इथे ते काम होत नाही. गृहस्थांनी सगळं मान डोलवत ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले, “मालक आहेत का?”

“हात धुतायत,” ती म्हणाली. “थांबा.”

ते थांबले. बाबा हात पुसत पुसत आले आणि त्यांनी अक्षरशः तेच सांगितलं, तिच्यापेक्षा निम्म्या शब्दांत. गृहस्थ पटल्यासारखे निघून गेले. तिला हसावं की रडावं कळेना. तिने शेवटी जाऊन मागच्या तिन्ही खिडक्या उघडल्या, थंडी असूनही, कारण आत जीव घुसमटत होता.

स्प्रिंगवाला जेवणाच्या सुमाराला आला. तिनेच सकाळी, ते गृहस्थ गेल्यावर, फोन करून त्याला दोन शब्द सुनावले होते, त्यातला एक जरा जास्तच झाला होता. तो तोंड पाडून आला, काखेतून एक वही काढली आणि चारही स्प्रिंगांचे आकडे तिच्यापुढे धरले. किती वजनाला किती दबते, तीन तीनदा दाबून बघितलेलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्प्रिंग खचते, वर्षानुवर्षं वापरली की खाली बसते, कधी तुटते. पण वर येत नाही. लोखंडाला पंख फुटल्याचं त्याने पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं.

“बाबा म्हणतायत कडक झालीय,” ती म्हणाली.

त्याने खिडकीतून बाबांकडे पाहिलं. बाबा पलीकडच्या ऑफिसच्या खोलीत फोनवर बोलत होते, पाठ इकडे करून.

“मिलिमीटर असं म्हणाला?” त्याने विचारलं. मग वही मिटून काखेत घातली. “स्प्रिंगला बोलता येत नाही, म्हणून तिच्यावर खापर फोडणं सोपं. तिच्यावर काय ठेवता ते बघा एकदा.”

तो चहा न घेता गेला. तो चहा न घेता जायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याची लाजही तिला वाटली आणि त्याचा रागही आला.

मग ती हट्टालाच पेटली. सगळं पहिल्यापासून. पाण्याच्या नळीने फरशीची पातळी तपासली: गॅरेज बांधलं तेव्हा होती तितकीच सरळ. चारही टायरांतली हवा: बरोबर. टाकी अर्धी, नेहमीसारखी. मागे डिकीत कोणी जॅक विसरलाय का: नाही. बुश ढिले करून गाडी हलवून पुन्हा आवळले: काही फरक नाही. आता उरल्या फक्त पिशव्या. वाळू ओल धरते. हिवाळाभर पिशव्या मागच्या भिंतीला टेकून पडल्या होत्या. त्या ओल पिऊन जड झाल्या असतील, ऐंशीच्या नव्वद झाल्या असतील, तर ती तीन वेळा गाडी नव्वदवर लावत बसली होती आणि माणूस ऐंशीचा. तिला एकदम हुरूप आला. इतकं साधं कसं सुचलं नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला आणि सोळाही पिशव्या वजनकाट्यावर नेऊन रचल्या.

ऐंशी किलो, दोनशे ग्रॅम.

ती काट्याकडे बघत राहिली. दोनशे ग्रॅमची ओल. वैतागाने तिला क्षणभर पुढचं काही सुचेना. मग तिने पिशव्या परत गाडीत नेल्या, सीटवर नीट रचल्या, पाठीला टेकवून, माणूस बसतो तशा. टेप लावली. तीनशे चाळीस. सरळ.

आणि मग, निव्वळ चिडून, बघू तरी म्हणून, तिने वरची एक पिशवी उचलून फरशीवर टाकली. गाडी जरा हलवून बसू दिली आणि टेप लावली. एक मिलिमीटर वर, किंचित जास्तच. दुसरी काढली. अडीच. तिसरी. चौथी काढल्यावर तिने टेप लावली आणि आकडा वाचून तशीच उकिडवी बसून राहिली.

तीनशे पंचेचाळीस. पुढचं दीड वर. पलीकडची दोन्ही जागेवर.

सीटवर बारा पिशव्या उरल्या होत्या. बारा पंचे साठ.

तिने पहिल्यांदा स्वतःशीच वाद घातला. बाबा पायावर भार देत असतील. दाराला धरत असतील. पण माप चालू असताना ते श्वाससुद्धा जपून घेतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने मान वळवून ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. बाबा पुन्हा फोनवर होते, कोणाला तरी हातवारे करून काही समजावत. हात वर गेला की मनगटावरचं घड्याळ घसरत घसरत कोपराच्या अलीकडे यायचं आणि हात खाली आला की परत पंजापाशी. हे घड्याळ तिने लहानपणी पाहिलं होतं ते मनगटात रुतलेलं, काढलं की कातडीवर पट्ट्याची खूण दिसायची.

रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती या माणसासोबत असायची. थंडी वाढली की ते दोन स्वेटर घालतात, वय झालं, असं ती म्हणायची. मिलिमीटर मोजणाऱ्याची मुलगी, आणि वीस किलो तिला दिसले नव्हते.

फोन ठेवल्याचा आवाज आला. तिने सीटवरच्या पिशव्या उतरवल्या.

“बाबा, पुन्हा एकदा बसा.”

“आता काय राहिलंय?”

“बसा.”

ते आले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, फरशीवरच्या पिशव्यांकडे एकदा, आणि काही न विचारता आत बसले. हात स्टिअरिंगवर, नजर भिंतीवर. तिने एक पिशवी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. टेप लावली. आकडा मोठ्याने वाचला नाही. दुसरी पिशवी ठेवली, तेव्हा बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून पिशव्या घसरू नयेत म्हणून धरल्या. आयुष्यात पहिल्यांदा ते माप चालू असताना हलले. तिसरी ठेवली. चौथी घेऊन ती दाराशी आली तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केले आणि ती तिच्याकडून घेतली.

तिने गुडघे टेकून टेप लावली. तीनशे चाळीस.

“बसली,” ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. तिने टेप गुंडाळून फरशीवर ठेवली.

“कधीपासून?”

“पहिल्या वेळेला मला खरंच वाटलं, स्प्रिंग असेल,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. “दुसऱ्या वेळेला कळलं.”

“आणि तरी तुम्ही मला तिसरा संच वळवून घ्यायला लावलात.”

“हो.”

“त्या माणसाला मी आज सकाळी नाही नाही ते बोलले, बाबा. चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.”

“मी बोलेन त्याच्याशी.”

“गाडी पहिल्याच वेळी बसली होती.”

“पहिल्याच वेळी,” बाबा म्हणाले. “अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मी रात्री येऊन पिशव्या ठेवून बघितली होती. माझीसुद्धा इतकी कधी बसली नाही.”

वीस वर्षं हे वाक्य मिळावं म्हणून तिने काय काय केलं होतं. ते आता मिळालं होतं आणि तिला ते नको होतं. चार महिने तिने स्वतःला नालायक समजून काढले, आणि हे तिथे बसून बघत होते. तिला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी रागाचंच आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिने नाक बाहीला पुसलं. बाहीला ग्रीस होतं.

“आईला ठाऊक आहे?”

“दोन विजारी तिने कमरेत आत घेतल्या. विचारलं काही नाही.”

“आणि डॉक्टर?”

बाबांनी मांडीवरच्या पिशवीची शिवण बोटाने चाचपली. “गुरुवारी बोलावलंय.” मग, कारण खोटं माप त्यांना देता येत नसे, म्हणाले, “मागच्या गुरुवारीही बोलावलं होतं.”

“ह्या गुरुवारी मी येतेय.”

“गॅरेज?”

“बंद राहील.”

गॅरेज गुरुवारी कधीही बंद राहिलेलं नव्हतं. तिने त्यांच्या मांडीवरून एकेक करून पिशव्या उतरवल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. शेवटची ठेवून ती वळली तेव्हा ते तिच्याकडेच बघत होते. गिऱ्हाईक आलं की नुसत्या नजरेने त्याचं वजन जोखायची त्यांची सवय होती, दोन किलोपलीकडे चूक होत नसे. तसेच ते बघत होते.

“तुझं वजन किती?”

“कशाला?”

“किती?”

“अठ्ठावन्न.”

“मग गाडी त्याच्यावर लाव.”

जे समजायचं ते तिला लगेच समजलं, आणि समजलं नाही असं दाखवण्यासाठी तिने फरशीवरची टेप उचलली, गुंडाळलेलीच होती ती पुन्हा गुंडाळली.

“गाडी तुमची आहे,” ती शेवटी म्हणाली.

“चालवणाऱ्याच्या वजनावर लावायची असते.”

“मी लावणार नाही.”

“लावशील. वाकडी गाडी तुला बघवत नाही.”

हे खरं होतं, म्हणून तिला अजूनच राग आला.

“आणि मी खड्ड्यात उतरल्यावर सीटवर काय ठेवू?” ती म्हणाली. “बुश ढिले करायचे तर आत वजन लागतं. अठ्ठावन्नला तीन किलोची पिशवी वेगळी शिवावी लागेल. आईला पुन्हा मशीन काढायला सांगू?”

“पिशव्या कशाला? मी साठ आहे.” ते सीटवर नीट मागे सरकले, पाठ टेकली, पाय पेडलपाशी रोवले. “दोन किलो इकडेतिकडे चालतात.”

दोन किलो इकडेतिकडे चालतात. हे वाक्य या गॅरेजमध्ये दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं तर त्याला बाबांनी दाराबाहेर काढलं असतं.

तिने हत्यारांच्या भिंतीवरून सतरा नंबरचा पाना काढला, उजेडाची बॅटरी गळ्यात अडकवली आणि लोखंडी पायऱ्यांवरून खड्ड्यात उतरली. खाली थंड होतं आणि ग्रीसचा वास होता. डोक्यावर गाडीचं पोट, दांडे, चिठ्ठ्या काढलेल्या स्प्रिंगा. बाबांच्या बाजूचा पहिला बुश तिने हाताने शोधला आणि पाना लावला, पण पाना नटावर बसेना. तिने बॅटरी पुसली. बॅटरी स्वच्छ होती. तिने डोळे पुसले आणि पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा निसटला, आणि पाना दांड्यावर आपटून मोठा आवाज झाला.

वर सीटच्या स्प्रिंगा जराही कुरकुरल्या नाहीत.

“सावकाश कर,” बाबांचा आवाज आला. “मी बसलोय.”